साम्य आणि सगोत्रता

दोन वस्तू सारख्या दिसतात, म्हणून त्या एकाच कुळातल्या ठरतात काय? जीवशास्त्रातील हा प्रश्न जुना आहे. १८४३ साली इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी निरनिराळ्या प्राण्यांतील ‘तोच’ अवयव आणि केवळ तेच काम करणारा अवयव यांत भेद केला. वटवाघळाचा पंख व माणसाचा हात यांतील हाडांची ठेवण एकच. फुलपाखराचा पंख मात्र उडण्यापुरताच वटवाघळाच्या पंखासारखा. पहिल्या जोडीचे साम्य समान पूर्वजापासून आले आहे, हा उलगडा १८५९ साली डार्विनने केला.

विसाव्या शतकात हीच परीक्षा हाडांवरून प्रथिनांवर आली. १९५५ पर्यंत फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनमधील अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम शोधून काढला. प्रथिन म्हणजे ठरावीक क्रमाने ओवलेली माळ होय, हे सिद्ध झाले. पुढे मानवी हिमोग्लोबिनच्या दोन माळा, १४१ मण्यांची आल्फा व १४६ मण्यांची बीटा, शेजारी मांडल्या गेल्या. त्यांतील कितीतरी मणी जुळले. एकाच प्राचीन जनुकाच्या प्रती होऊन त्या स्वतंत्रपणे बदलत गेल्या असाव्यात, असे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९६१ साली प्रतिपादिले. १९६५ साली मार्गारेट डेहॉफ यांनी ६५ प्रथिनांचे क्रम ग्रंथरूपाने एकत्र केले.

तथापि नात्याचेही प्रकार असतात. १९७० साली वॉल्टर फिच यांनी ते वेगळे केले. प्राण्यांच्या जाती विभक्त झाल्याने दुरावलेली जनुके ती ऑर्थोलॉग. जनुकाची प्रत झाल्याने दुरावलेली ती पॅरालॉग. माणसाची व घोड्याची आल्फा ताडून पाहिल्यास त्या दोन जातींचे अंतर कळते. परंतु माणसाची आल्फा घोड्याच्या बीटाशी ताडली, तर जनुकाच्या द्विगुणनाचा काळच हाती येतो आणि वंशवृक्ष कोट्यवधी वर्षांनी चुकतो.

आज संगणक क्षणार्धात सारखे क्रम शोधून देतो. पण तो साम्य मोजतो, नाते नव्हे. ‘चाळीस टक्के सगोत्र’ हा शब्दप्रयोगच चुकीचा असल्याचे काही शास्त्रज्ञांनी १९८७ साली बजावले होते. पूर्वज एक असतो किंवा नसतो. उंदरावरील प्रयोगातून माणसाच्या रोगाचे निदान शोधणाऱ्याने हा विवेक सोडला, तर भलत्याच जनुकाला दोष लागतो आणि रोगी उपचाराविना राहतो.