परवाना आणि शेवटचा हात

बार्शीहून लातूरकडे निघालेली गाडी येडशीला पोचायच्या आतच राज्य बदलत असे. अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे मोगलाई. निजामाच्या राज्याला आमच्याकडची जुनी माणसे मोगलाईच म्हणत आली. त्या राज्याचे जकात खाते म्हणजे करोडगिरी. अडीच फुटी रुळांवरची ही बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोचली. तिचा जुना मार्ग उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, शहराला बगल देऊन जाई, त्यामुळे जिल्ह्याच्या गावाला जाणाऱ्या माणसालाही येडशीलाच उतरावे लागे. ही लाइन उभारणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप पुढे इंग्लंडात पॅराशूट बनवू लागला आणि पहिल्या महायुद्धात त्याच्या ‘गार्डियन एंजल’ पॅराशूटवरून हेर शत्रूच्या मुलखात उतरवले गेले. येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटातली रेल्वे आणि लष्करी सामान यांचा असाही एक सांधा आहे.

हद्द आली की माल आला, आणि मालात हत्यार असेल तर एक कागदही आला. हत्यार कुणाचे, कुठून निघाले, कुणाकडे चालले, हे विचारणारा कागद. त्याला आपण परवाना म्हणतो.

शब्द फारसी. त्या भाषेत परवाना म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंगही आणि राजाचा हुकूमही. तेराव्या शतकात अनातोलियातल्या सेल्जुक दरबारात ‘परवाना’ हे एका बड्या अधिकाऱ्याचे पदच होते. दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरांतून हा शब्द मराठीत आला आणि ठाण मांडून बसला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, तरी परवाना हलला नाही. कचेरीतले शब्द राजापेक्षा चिवट असतात.

समुद्रावर त्याचा एक फिरंगी भाऊबंद होता. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ देणे सुरू केले. जहाज केवढे, तांडेल कोण, हत्यारे किती, काय नेता येणार नाही, हे सगळे त्यात लिहिलेले असे. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. आपल्याच किनाऱ्यावरून जायला परक्याचा कागद घ्यायचा, हे आदिलशाहीपासून मोगलांपर्यंत सर्वांनी सोसले. कान्होजी आंग्र्यांनी हा डाव उलटवला. या पाण्यातून जायचे तर आमचे दस्तक घ्या, असे त्यांनी टोपीकरांना बजावले. मुंबईकर इंग्रज त्यांना चाचा म्हणत राहिले, त्याचे कारण यात आहे. जो परवाना मागतो तो राजा, जो मान्य करत नाही तो चाचा. कोण कोणत्या बाजूला, हे आरमाराच्या ताकदीवर ठरे.

पण या कुळकथेतला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग राजापूरचा आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि शिवाजी महाराज गडावर अडकले होते. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि गोळे घेऊन थेट वेढ्यात गेला. नुसता माल विकून थांबला नाही. इंग्रजांचे निशाण लावून त्याच्या माणसांनी गडावर गोळे टाकले. व्यापारी म्हणून आलेला माणूस लढाईत उतरला. पुढच्याच वर्षी मराठ्यांनी राजापूर गाठले, वखार लुटली, रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैद केले. कैदी सुटकेसाठी विनवण्या करू लागले तेव्हा सुरतेच्या वरिष्ठांनी हात झटकले: कंपनीच्या हुकमावाचून निशाण घेऊन गोळे टाकायला गेलात, आता भोगा. १६६३च्या सुरुवातीला ते सुटले. रेव्हिंग्टन त्याआधीच आजारी पडून वारला होता.

शस्त्रांच्या निर्यातीबद्दल आज जे प्रश्न विचारले जातात ते सगळे इथे आहेत. विकणाऱ्याला परवानगी कुणाची होती? माल कुणावर वापरला जाणार हे त्याला ठाऊक होते का? आणि अंगाशी आल्यावर जबाबदार कोण, वखार की सुरत?

छापील, कलमांचा परवाना आला तो इंग्रजी अमलात. व्हाइसरॉय लिटनचा १८७८चा हत्यार कायदा आपल्याला आठवतो तो हिंदी माणसाची बंदूक काढून घेणारा आणि गोऱ्याला सूट देणारा म्हणून. ते खरेच आहे. पण त्याच कायद्याने परवान्याशिवाय शस्त्रांची आयात आणि निर्यात दोन्ही बंद केल्या होत्या. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला तेव्हा हा सांगाडा बराचसा तसाच ठेवला. त्याचे कलम १० आजही शस्त्रांच्या आयात-निर्यातीच्या परवान्याचेच आहे. पीक राखायला बारा बोअरची बंदूक बाळगणारा शेतकरी आणि परदेशी तोफगोळे पाठवणारा कारखाना, दोघांची वंशावळ इथे एक होते.

या दोन कायद्यांच्या मधल्या काळात येडशीच्या हद्दीचे नाटक घडले. नोव्हेंबर १९४७मध्ये निजामाने भारताशी ‘जैसे थे’ करार केला. हैदराबादच्या फौजेला शस्त्रे मिळत ती भारत सरकारकडून, आणि तो पुरवठा आता अडला. जमिनीवरची हद्द आवळली गेली. बार्शीकडच्या बाजूला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर कॅम्प उभारले होते, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांशी चकमकी चालू होत्या. या कॅम्पवाल्यांच्या बंदुकांनाही परवाना नव्हता, हे आपण सोयीने विसरतो.

रूळ आणि रस्ते अडवता येतात. आभाळाचे काय? सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ साली लँकास्ट्रियन विमाने घेऊन कराचीहून रात्री उडायचा आणि बिदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवायचा. ना भारताचा परवाना, ना ब्रिटनचा. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. कॉटनवर पुढे ब्रिटनमध्ये खटला झाला, गुन्हा त्याने कबूल केला. दंड झाला २०० पौंड. चोरून एका संस्थानाला शस्त्रे पुरवण्याची ही किंमत.

अशा उड्डाणांवरून दिसते की हद्दीवरचा नाका पुरत नाही, माल शेवटी कुणाच्या हातात पडणार ते आधीच लिहून घ्यायला हवे. त्यासाठी ‘अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र’ असते. माल घेणारे सरकार लिहून देते: हे आमच्या फौजेसाठी, आम्हीच वापरू, तुमच्या संमतीशिवाय तिसऱ्याला देणार नाही. खाली सही, शिक्का. एवढ्या कागदावर कोट्यवधींचा व्यवहार उभा राहतो.

आणि एवढाच कागद खोटाही करता येतो. १७ डिसेंबर १९९५च्या रात्री बंगालमधल्या पुरुलियात आभाळातून शेकडो एके-४७ पडल्या. बल्गेरियातल्या बुर्गासहून हा माल निघाला तेव्हा त्याच्यासोबत बांगलादेशच्या नावाचे प्रमाणपत्र होते. बनावट. तो माल टाकणारे अँटोनोव्ह विमान काही दिवसांनी परतीच्या वाटेवर आपल्या हवाई दलाने मुंबईत उतरायला लावले, आणि मुख्य सूत्रधार किम डेव्ही मुंबईच्या विमानतळावरूनच पसार झाला. कॉटनच्या वेळी कराची होते, या विमानाच्या वाटेवरही कराची होते.

आज आपण मागणाऱ्याच्याच नव्हे, देणाऱ्याच्याही खुर्चीत आहोत. १९९२चा परकीय व्यापार कायदा आणि त्याखालची ‘स्कोमेट’ यादी हा आताचा आधार. शस्त्रे आणि दारूगोळा या यादीच्या सहाव्या वर्गात येतात आणि त्यांचा निर्यात परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. रसायने, यंत्रे अशा दुहेरी उपयोगाच्या बऱ्याच वस्तूंचा परकीय व्यापार महासंचालनालय. डिसेंबर २०१७मध्ये भारत शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार गटात गेला. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र व्यापार कराराच्या मतदानात मात्र २०१३ साली आपण तटस्थ राहिलो होतो, आणि त्यावर अजून सही केलेली नाही.

या व्यवहारात महाराष्ट्र मोठा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भंडारा, चांदा ही नावे दारूगोळ्याच्या पेट्यांशी जोडलेली. पिनाका रॉकेट पुण्याच्या पाषाणमधल्या प्रयोगशाळेत जन्मले. देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. त्या एका वर्षात १,७६२ निर्यात परवाने दिले गेले.

सप्टेंबर २०२४मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की युरोपातल्या ग्राहकांना विकलेले भारतीय तोफगोळे पुढे युक्रेनला पोचले. परराष्ट्र मंत्रालयाने ती तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी म्हटली, नियमभंग झालेला नाही असे सांगितले. त्याच महिन्यात इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परराष्ट्र धोरण हे आमचे क्षेत्र नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. मग ते कुणाचे क्षेत्र? अमेरिकेत मोठ्या सौद्यांची सूचना आधी संसदेला द्यावी लागते. ब्रिटन दिलेल्या आणि नाकारलेल्या परवान्यांचे आकडे देशवार छापतो. आपल्याकडे एकूण रक्कम अभिमानाने जाहीर होते. कोणत्या देशाला काय गेले हे विचारले की सामरिक संवेदनशीलतेचे कारण पुढे येते. काही सौदे गुप्त ठेवावे लागतात हे मला मान्य आहे. सगळेच ठेवावे लागतात, हे पटत नाही. रेव्हिंग्टनच्या वेळी सुरतेने हात झटकले, कारण पन्हाळ्याला काय चालले आहे ते सुरतेला आधी कुणी विचारलेच नव्हते.

म्हणून येडशीच्या आणि एकूण धाराशिवच्या वाचकांना एक विनंती. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या खासदारांना पत्र लिहा आणि हा तारांकित प्रश्न टाकायला सांगा: २०२४-२५ मध्ये निर्यात परवान्याचे किती अर्ज नाकारले, दिलेल्या १,७६२ परवान्यांपैकी किती नंतर रद्द केले, आणि माल परदेशात पोचल्यावर तो ठरल्या हातातच आहे याची तपासणी किती ठिकाणी जाऊन केली?