पांढऱ्या अस्वलाची अट

आमच्या आळीत लहानपणी एक खेळ चाले. एकानं म्हणायचं, ‘माकडाचा विचार करायचा नाही’ आणि बाकीच्यांनी डोळे मिटायचे. क्षणात कुणीतरी फिसकन हसे, तो बाद. वैद्यबुवांचं औषध आणि माकड ही गोष्ट आपण ऐकलेलीच असेल, तिच्यातूनच हा निघाला असावा. पुढं टॉलस्टॉयच्या बालपणीच्या आठवणी वाचताना मी चमकलो. तिथं माकडाच्या जागी पांढरं अस्वल होतं!

साल १८३३च्या आसपास. रशियातल्या यास्नाया पोल्यानाच्या वाड्यातले चार भाऊ. आई गेलेली. थोरला निकोलाय दहा-अकरा वर्षांचा, धाकटा लेव पाचाचा. निकोलाय म्हणे, ‘माझ्यापाशी एक गुपित आहे. ते कळलं की कुणी आजारी पडणार नाही, कुणी कुणावर रागावणार नाही, सारे मुंगी-बंधू होतील.’ मुलं मग खुर्च्यांना शाली बांधून त्या अंधारात एकमेकांना चिकटून बसत. गुपित एका हिरव्या काठीवर लिहून रानातल्या घळीच्या कडेला पुरलंय, असंही तो सांगे. एका अद्‍भुत टेकडीवर न्यायचंही त्यानं कबूल केलं, पण अटी घालून. पहिलीच अट: कोपऱ्यात उभं राहायचं आणि पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. लेव उभा राहायचा. अस्वल यायचंच!

निकोलायला हे सुचलं कुठून? टॉलस्टॉयनं या आठवणी लिहिल्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पण दस्तयेवस्कीनं १८६३ सालीच आपल्या प्रवासलेखनात याच अस्वलाचं आव्हान वाचकाला दिलं होतं. माझा तर्क असा, की हे अस्वल रशियात तोंडोतोंडीच फिरत असावं. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं त्याचा रीतसर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना पाच मिनिटं अस्वल टाळायला सांगितलं. आठवलंच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. नंतर मुभा मिळाल्यावर तर, ज्यांना आधीपासून मुभा होती त्यांच्यापेक्षाही यांना ते जास्त आठवलं. आमच्या आळीतल्या पोरांना निम्मं तरी ठाऊक होतं म्हणायचं!

अस्वलाचं झालं. पण ती काठी? म्हातारपणी टॉलस्टॉयनं सांगून ठेवलं होतं, मला तिथंच पुरा. १९१० साली त्याच घळीच्या कडेला त्याला पुरलं. क्रूस नाही, शिळा नाही, नुसता गवताचा उंचवटा. निकोलायला जाऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.