लोखंडाचा कण आणि मेंदूचे चित्र

जालना एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यांवर आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटते. ग्राइंडरवर उभे राहणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण जाणे ही तिथे रोजची गोष्ट. डोळा धुतला, की माणूस ते विसरतो. पण उद्या मेंदूत गाठ असल्याची शंका आली आणि एमआरआय काढायची वेळ आली, तर त्याच कणाची चौकशी होते. ती का होते हे समजायला मेंदूच्या चित्रांचा इतिहास पाहावा लागतो.

1895 मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यांत कवटी दिसली, आतला मेंदू दिसेना. 1918 मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून एक्स-रे काढले. पोकळी कुठे दबली यावरून गाठीचा अंदाज बांधायचा. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका स्त्रीच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि गाठ थेट दिसली.

पुढे आला एमआरआय. गाठीचा आकार तो अधिक स्पष्ट दाखवतो, पण त्याचे चुंबक फार शक्तिशाली असते. 1986 मध्ये अमेरिकेतून एक नोंद प्रसिद्ध झाली. पूर्वी पत्र्याचे काम केलेल्या एका माणसाच्या डोळ्यात जुना कण होता. एमआरआयमध्ये तो हलला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. म्हणून आता शंका असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात.

गाठीचा आकार कळला तरी ती किती जोरात वाढते आहे हे कळायला हवे. त्यासाठी किरणोत्सारी साखर वापरात आली. इराणमधील तबरीझला जन्मलेले डॉ. अब्बास अलवी यांनी ऑगस्ट 1976 मध्ये फिलाडेल्फियात ती पहिल्यांदा माणसाला दिली. ती ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेतून विमानाने आणावी लागली, कारण दर 110 मिनिटांनी तिचा किरणोत्सार निम्मा होतो. याच साखरेवर पेट स्कॅन चालतो. भारतातले पहिले पेट यंत्र 2002 मध्ये मुंबईच्या परळला बसले.

पण निरोगी मेंदूही भरपूर साखर खातो. त्यामुळे नुसत्या पेटमध्ये गाठ लपू शकते. म्हणून संगणकावर ही चित्रे एकमेकांवर बसवतात: सीटीतून हाड, एमआरआयमधून गाठीचा आकार, पेटमधून तिचा जोर आणि फंक्शनल एमआरआयमधून बोलण्याची जागा. कुठपर्यंत कापायचे आणि कुठे थांबायचे, हे शस्त्रक्रियेआधी ठरवायला त्याची मदत होते.

इथे आपल्या घरांशी संबंधित आणखी एक गोष्ट आहे. 1978 मध्ये ओजमन आणि व्हिटेकर यांनी दोन भाषा बोलणाऱ्या रुग्णांचा मेंदू तपासला. दोन्ही भाषांच्या काही जागा सारख्या, तर काही वेगळ्या निघाल्या. आपला माणूस घरी दखनी बोलतो आणि कारखान्यात मराठी. तपासणी एकाच भाषेत झाली, तर दुसरीची जागा नजरेतून सुटू शकते.

म्हणून अशा तपासणीला जाताना दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात: आयुष्यात कोणते काम केले आणि घरात कोणती भाषा बोलतो. डॉक्टर विचारतीलच, याची वाट पाहू नये.