हेडफोन, विमानं आणि शेजारची खुर्ची

गेल्या दिवाळीत बोनस झाला आणि मी ठरवलं, आता नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचेच. कारण एकच, ऑफिस! हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर दीडेकशे माणसं एका हॉलमध्ये बसतात, मध्ये भिंत म्हणून नाही. डावीकडे सेल्सवाले, उजवीकडे टेस्टिंगची टीम आणि मागे पॅन्ट्री. सकाळी अकराला सगळ्यांचे कॉल एकदम सुरू झाले की लग्नात पंगत बसल्यासारखा कलकलाट. त्यात बसून तुम्ही कुठल्या तरी थ्रेडमधला बग शोधायचा.

दुकानात गेलो. विक्रेत्याने हेडफोन माझ्या कानावर चढवले, बटण दाबलं, आणि ए.सी.ची घरघर गायब! जादूच. मी तिथल्या तिथे कार्ड काढून दिलं. पंचवीस हजार गेले, पण शांतता मिळाली, असं वाटत घरी आलो.

सोमवारी ऑफिसात हेडफोन घातले. ए.सी. गेला, लॅपटॉपचा पंखा गेला... आणि सेल्सवाला मात्र आधीपेक्षा स्पष्ट ऐकू यायला लागला! त्याच्या क्लायंटचं नाव, डिस्काउंट किती, सगळं.

आता असं का व्हावं? इंजिनिअर माणसाला असला प्रश्न पडला की वीकेंड गेलाच म्हणून समजा. तर त्या वीकेंडला जे हाती लागलं, ते हे.

आवाजाने कामाचा खोळंबा होतो ही तक्रार आपल्या धंद्याइतकीच जुनी आहे. किंबहुना आपल्या धंद्याच्या मूळ पुरुषाचीच ती तक्रार! कॉम्प्युटरची कल्पना पहिल्यांदा मांडणारे चार्ल्स बॅबेज लंडनमध्ये राहायचे आणि रस्त्यावर पेटी फिरवत वाजवणाऱ्या वादकांनी त्यांना जेरीस आणलं होतं. १८६४ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी या उपद्रवावर अख्खं प्रकरण लिहिलं. मागच्या बारा वर्षांत आपली काम करण्याची एक चतुर्थांश ताकद या गोंगाटाने खाल्ली, असा त्यांचा हिशोब होता. त्याच साली लंडनमधल्या रस्त्यावरच्या संगीताला आळा घालणारा कायदाही झाला. म्हणजे बॅबेजसाहेबांचा उपाय काय? तर आवाज करणाऱ्याला हाकलणं. आपल्याला ती सोय नाही. सेल्सवाल्याला हाकललं तर पगार कुठून होणार?

दुसरा उपाय सापडायला सत्तर वर्षं लागली. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाने १९३३ मध्ये एक कल्पना पेटंटसाठी दाखल केली. १९३६ मध्ये तिला अमेरिकन पेटंटही मिळालं. कल्पना शाळकरी पोराला समजेल इतकी सोपी. आवाज म्हणजे हवेतली लहर. ती जिथे वर जाते तिथे बरोबर खाली जाणारी, तेवढ्याच उंचीची दुसरी लहर सोडा. अधिक एक, उणे एक, बेरीज शून्य. आवाजाने आवाज खोडायचा! ल्यूगच्या मनात कानाला लावायचं काही नव्हतं; पाइपमधून येणाऱ्या आवाजापुढे एक माइक आणि एक स्पीकर, असं त्याचं चित्र होतं. पण त्या काळच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांना हे नीट जमणं कठीण होतं आणि कल्पना कागदावरच राहिली. १९५३ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी तसं यंत्र करून दाखवलं. तेही बाजारात काही आलं नाही.

मग येतात अमर बोस. नाव ऐकून कान टवकारले ना? त्यांचे वडील नोनी गोपाल बोस बंगालचे क्रांतिकारक. इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले आणि १९२० च्या सुमारास अमेरिकेत निसटलेले. अमर यांचा जन्म १९२९ चा, फिलाडेल्फियाचा. महायुद्धाच्या काळात वडिलांचा धंदा बसला तेव्हा हा शाळकरी मुलगा रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावत होता. पुढे एमआयटीत शिकले, तिथेच प्राध्यापक झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

१९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला परतताना त्यांना विमानात गाणी ऐकायला हेडफोन मिळाले. इंजिनाच्या आवाजात गाणं कसलं, काहीच धड ऐकू येईना. आपण असतो तर चिडून झोपलो असतो. बोस यांनी कागद काढला आणि समीकरणं मांडायला घेतली. विमान उतरेपर्यंत त्यांची खात्री पटली होती की हा आवाज कानापाशीच खोडता येईल. पण ते हातात घेण्यासारखं यंत्र व्हायला दहा वर्षं गेली बरं का! (पुढच्या वेळी मॅनेजरने एस्टिमेट मागितलं की ही गोष्ट सांगा.)

या यंत्राचं पहिलं मोठं गिऱ्हाईक कोण होतं? वैमानिक. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर या दोघांनी व्हॉयेजर नावाच्या विमानातून कुठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. नऊ दिवस, चाळीस हजार किलोमीटर, टेलिफोन बूथएवढ्या जागेत दोन माणसं आणि सतत कानाशी इंजिन. त्यांच्याजवळ बोस यांच्या हेडसेटचे प्रायोगिक नमुने होते. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी तो हेडसेट बाजारात आला. जर्मनीत सेनहायझर कंपनीही लुफ्तान्झाच्या वैमानिकांसाठी हेच काम करत होती. तुमच्या-आमच्यासारख्या प्रवाशाला मिळतील असे बोसचे हेडफोन आले ते २००० साली. वायर गेली, ब्लूटूथ आलं आणि २०१६ मध्ये बोस नि सोनी या दोघांचे वायरलेस नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बाजारात आले. तिथून पुढे ही वस्तू विमानातून उतरून ऑफिसात शिरली.

आणि घोळ इथेच आहे. विमानाच्या इंजिनाची घरघर खालच्या सुरातली असते आणि एकसारखी चालते. थोडं गणित करून पाहू, म्हणजे कळेल. समजा, उलटी लहर सोडायला हेडफोनला फक्त ०.१ मिलिसेकंद उशीर झाला. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लहर १० मिलिसेकंदांची असते, म्हणजे चूक लहरीच्या शंभराव्या भागाची. मूळ आवाजाचा जेमतेम ६ टक्के उरतो. आता ३००० हर्ट्झचा आवाज घ्या. त्याची एक लहर संपते ०.३३ मिलिसेकंदात. तेवढाच उशीर, पण इथे लहर जवळजवळ एक तृतीयांश सरकली. बेरीज केली तर आवाज कमी तर होत नाहीच, उलट मूळच्या दीडपटीवर जातो! म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर इलेक्ट्रॉनिक्स फारसं काही करत नाही. तिथला आवाज अडवायचं काम कानाभोवतीची गादी करते.

आणि माणसाचं बोलणं? 'ताल', 'चाल', 'साल' म्हणून बघा. 'आ' तिन्हीत तोच. फरक करतात ते त, च, स, आणि ते वरच्या सुरात असतात. म्हणजे घरघर गेली की बोलणं आणखी सुटंसुटं ऐकू येतं. माझ्या हेडफोनमध्ये काही बिघाड नव्हता. इंजिन बाजूला करून माणसाचं बोलणं कानापर्यंत पोचवणं, वैमानिकाला तेच तर हवं होतं!

बरं, नुसता आवाज आणि बोलणं यांत मेंदूलाही फरक पडतो. १९७६ मध्ये कॉल आणि वेल्श या संशोधकांनी लोकांना पडद्यावरची अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली आणि मागे जर्मन बोलणं लावलं. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, तरी त्यांच्या चुका वाढल्या. माझ्या समोरचा सहकारी रोज घरी तेलुगूत बोलतो. मला तेलुगूचं अक्षरही कळत नाही. तरी माझा कोड का अडकतो, याचं उत्तर मला मिळालं.

मग मी काय केलं? हेडफोनवर पावसाचा आवाज लावला, वर गाणी लावली, आणि बोलणं बुडवून टाकलं. झकास! चार महिने मी भराभर काम केलं. मॅनेजर खूष, मी खूष.

त्याच काळात आमच्या टीममध्ये परभणीचा एक मुलगा नवीन लागला होता. पहिलीच नोकरी. त्याची जागा माझ्या शेजारची. चार महिन्यांनी त्याने टीम बदलून मागितली. मला आश्चर्य वाटलं, कारण तक्रार अशी कधी ऐकलीच नव्हती. (ऐकणार कुठून!) कॅन्टीनमध्ये गाठून विचारलं, तर खूप आढेवेढे घेऊन म्हणाला, "सर, सुरुवातीला बिल्ड चालेना तेव्हा दोनदा तुमच्यापाशी येऊन उभा राहिलो. तुमच्या कानावर हेडफोन होते. मग म्हटलं, बिझी असाल. नंतर नाही आलो." तीन दिवस तो त्या बिल्डपाशी अडकला होता. माझ्याकडून पाच मिनिटांचं काम होतं.

मला काय बोलावं सुचेना. मी स्वतः फ्रेशर होतो तेव्हा निम्मं काम शेजारच्या सीनिअरच्या खुर्चीला खुर्ची चिकटवून शिकलो होतो. काही तर न विचारताच, नुसतं त्याचं फोनवरचं बोलणं कानावर पडून.

भिंती पाडल्या की माणसं एकमेकांशी जास्त बोलतील, अशी या मोकळ्या ऑफिसांमागची आशा. १९५० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत श्नेले बंधूंनी तशी ऑफिसं मांडायला सुरुवात केली. २०१८ मध्ये बर्नस्टीन आणि टर्बन या दोघांनी खुल्या मांडणीत गेलेल्या दोन मोठ्या कंपन्यांमध्ये मोजमाप केलं, तर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं आणि ई-मेल वाढले होते. भिंत काढली की माणूस स्वतःची भिंत बांधतो. माझी अडीचशे ग्रॅमची होती.

असो. हेडफोन मी फेकलेले नाहीत, आणि तुम्हीही घेऊ नका असं म्हणणार नाही. घेताना मात्र एवढं पाहा. दुकानातल्या ए.सी.वर भुलू नका, मित्राचे मागून एक दिवस ऑफिसात वापरून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला. काडीपाशी गादी उचलली गेली की बोलणं तिथूनच आत येतं. कॉलसाठी माइक वेगळा तपासा, कारण तुम्हाला शांत वाटतं म्हणजे समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जातो असं नाही. आणि बाहेरचं ऐकू देणारा मोड एका बोटात चालू व्हायला हवा. मी आधी हे फीचर बघितलंच नव्हतं, आता रोज वापरतो.

बाकी नियम मी स्वतःला घालून घेतलाय. सकाळी दोन तास हेडफोन, जेवणानंतर ते ड्रॉवरमध्ये. आणि शेजारी नवीन कोणी बसलं तर पहिल्याच दिवशी सांगायचं, कानावर काही असलं तरी खांद्यावर टकटक कर.

तो मुलगा आता दुसऱ्या टीममध्ये छान रमलाय. सेल्सवाल्याचा क्लायंट अजून डिस्काउंट मागतोय. काल तर मीच मनातल्या मनात म्हटलं, देऊन टाक बाबा पाच टक्के!