वर्ग 3, वेळ 37.33

आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या निकालनोंदींत 1972 सालच्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिक स्पर्धेतली एक शर्यत आहे. पुरुष, 50 मीटर फ्रीस्टाइल, वर्ग 3. सुवर्णपदक मुरलीकांत पेटकर, भारत. वेळ 37.33 सेकंद. हा त्या वेळचा जागतिक विक्रम, आणि ऑलिंपिक किंवा पॅरालिम्पिकमध्ये भारतीयाने मिळवलेलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पेटकरांवर लिहिणारे सगळे या नोंदीतल्या वेळेपाशी थांबतात. इतिहासाच्या दृष्टीने मला त्यातला ‘3’ जास्त बोलका वाटतो.

हायडेलबर्गची स्पर्धा तेव्हा सर्वच अपंग खेळाडूंना खुली नव्हती. तिथल्या पदकांच्या शर्यती मज्जारज्जूमुळे अपंगत्व आलेल्यांसाठीच होत्या. हातपाय गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडू पदकांसाठी पहिल्यांदा उतरले ते 1976 मध्ये टोरांटोला. खेळाडूचा वर्ग ठरे तो डॉक्टरी तपासणीवरून, कण्याला इजा कोणत्या उंचीवर झाली आहे ते पाहून. म्हणजे ‘वर्ग 3’ हा शर्यतीचा तपशील असला तरी मुळात तो वैद्यकीय दाखला आहे. अपंगत्व खरं होतं, ते मज्जारज्जूचं होतं आणि ते परक्या डॉक्टरांनी तपासून मान्य केलं होतं, एवढं त्या एका आकड्यावरून निःशंकपणे म्हणता येतं.

जखमेच्या प्रसंगाबद्दल मात्र इतक्या निःशंकपणे लिहिता येत नाही. पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागातले. लष्करात ते ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं आणि वाहनं दुरुस्त ठेवणाऱ्या दलात, क्राफ्ट्समन होते आणि मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. इथपर्यंत सगळे वृत्तांत जुळतात. गोळ्या किती लागल्या, याचा आकडा मात्र लेखागणिक बदलतो. हे वृत्तांत बहुतेक अर्धशतकानंतरच्या मुलाखतींवर उभे आहेत, म्हणून तो आकडा मी इथे देत नाही. त्याहून पक्का पुरावा 1968 सालचा आहे. तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने पहिल्यांदा भाग घेतला, तेव्हा टेबल टेनिसच्या यादीत पेटकरांचं नाव आहे आणि त्यांनी पहिली फेरी जिंकली आहे. युद्ध संपल्यावर जेमतेम तीन वर्षांत हा माणूस व्हीलचेअरवर बसून आंतरराष्ट्रीय सामना खेळत होता. हायडेलबर्गला ते पोहण्याबरोबर भालाफेक आणि स्लॅलम या व्हीलचेअरच्या अडथळा शर्यतीतही उतरले.

आता दुसरी बाजू: सैनिकाच्या अंगावरच्या जखमेसाठी सरकारकडे काय होतं? खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, आणि पेन्शनची कागदपत्रं, डिस्चार्ज बुक, पदकं हा इथल्या घराघरातल्या ट्रंकांमधला ऐवज आहे. खानापूर तालुका 1956 मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण लष्करी पदकाची फाईल सीमाप्रश्नात अडकत नाही. ती दिल्लीची असते, आणि अडकली तर दिल्लीच्याच नियमांत अडकते.

नियम पाहिले तर क्रम असा दिसतो. 1965 च्या युद्धासाठी ‘समर सेवा स्टार’ आणि ‘रक्षा पदक’ ही दोन पदकं 1967 मध्ये जाहीर झाली. दोन्ही सेवेबद्दलची, जखमेसाठीची नाहीत. शत्रूच्या थेट कारवाईत झालेल्या जखमेसाठी स्वतंत्र पदक 1973 मध्ये आलं. तेच ‘पराक्रम पदक’, ज्याला आज सगळे वूंड मेडल म्हणतात. ते 15 ऑगस्ट 1947 पासून मागे लागू केलं गेलं, त्यामुळे 1965 चे जखमीही त्याच्या कक्षेत आले. अमेरिकेत जखमेसाठीचं पर्पल हार्ट 1932 पासून आहे. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, जखमी सैनिकाच्या बाहीवर सोनेरी पट्टी लावायला सुरुवात केली, पदक दिलं नाही. आपल्याकडे इंग्रजी अमदानीचा हा संकोच स्वातंत्र्यानंतरही पंचवीस वर्षं टिकला असं म्हणायला जागा आहे. तारखाच पाहा ना: पेटकरांनी हायडेलबर्गला सुवर्ण जिंकलं ऑगस्ट 1972 मध्ये. त्या दिवशी भारतात जखमेचं पदक अस्तित्वातच नव्हतं.

पण पेटकरांनी सरकारकडे मागितलं ते जखमेचं पदक नव्हतं. त्यांनी मागितला अर्जुन पुरस्कार. 1961 पासून देशातल्या उत्तम खेळाडूंना मिळणारा हा पुरस्कार 1982 मध्ये आपल्याला अपंग म्हणून नाकारला गेला, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलेलं 1981 नुकतंच सरलं होतं. नकारामागचा तर्क उलगडून पाहिला तर तो फार विचित्र ठरतो. हायडेलबर्गच्या नोंदीत जखमेमुळे त्यांना ‘वर्ग 3’ मिळाला आणि त्या वर्गात ते जगात पहिले आले. तीच जखम दिल्लीत अपात्रतेचं कारण झाली. एका कागदावर जी पात्रता, तीच दुसऱ्यावर अडचण. मधल्या दहा वर्षांत हायडेलबर्गचा निकाल कोणी खोटा ठरवला नव्हता. शंका होती ती अशा खेळाला खेळ म्हणायचं की नाही याबद्दल.

ही शंका फक्त भारतीय बाबूंची होती असं समजू नये. ज्या परंपरेत हायडेलबर्गची स्पर्धा झाली, ती डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल इस्पितळात 29 जुलै 1948 रोजी सुरू केली. त्याच दिवशी लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा जखमी माजी सैनिक, पुरुष आणि स्त्रिया, धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. तेव्हाही अनेकांना तो उपचाराचा भाग वाटला. 1972 मध्ये म्युनिकच्या ऑलिंपिक नगरीत जागा मिळाली नाही म्हणून पॅरालिम्पिकचे खेळाडू हायडेलबर्गला गेले, आणि त्यांची स्पर्धा ऑलिंपिक सुरू होण्याआधीच संपली.

पुरस्काराच्या बाबतीत उशीर हा आपला जुना रोग आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातले गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य जिंकून आले. ते 1984 मध्ये वारले, आणि अर्जुन मिळाला तो मरणोत्तर, 2000 सालचा. पेटकरांना निदान हयातीत मिळाला. आधी 2018 मध्ये पद्मश्री आली. 2024 च्या जूनमध्ये त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला. क्रीडा मंत्रालयाने 2 जानेवारी 2025 रोजी जाहीर केलेल्या यादीत मुरलीकांत राजाराम पेटकर हे नाव पॅरा जलतरणासाठी आहे, आणि 17 जानेवारीला राष्ट्रपती भवनात द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला.

ही यादी नीट वाचण्यासारखी आहे. कामगिरीसाठीच्या अर्जुन पुरस्काराचे 32 मानकरी आहेत आणि त्यातले 17 पॅरा खेळाडू, म्हणजे निम्म्याहून जास्त. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य जिंकणारे सचिन खिलारी त्यात आहेत, आणि तेही सांगली जिल्ह्याचेच. पेटकरांचं नाव मात्र या 32 जणांत नाही. ते वेगळ्या शीर्षकाखाली आहे, ‘अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव)’ अशा. ध्यानचंद जीवनगौरव बंद करून हा प्रकार याच यादीपासून सुरू झाला. म्हणजे ज्या पुरस्कारासाठी त्यांनी अर्ज केला होता, तो त्यांना कागदोपत्री आजही मिळालेला नाही. मिळाला तो आयुष्यभराच्या सेवेचा.

आपल्या भागातल्या माजी सैनिकांच्या घरच्यांना एक सांगावंसं वाटतं. लढाईत जखमी झालेल्याचं डिस्चार्ज बुक, इस्पितळाचे कागद आणि पेन्शनचा आदेश सांभाळून ठेवा. वूंड मेडलचा दावा त्या सैनिकाच्या दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे करायचा असतो: मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस असेल तर बेळगावला, ईएमईचा असेल तर सिकंदराबादला. सेवा क्रमांक आणि जखमेची तारीख असलेला एक कागद हाती असला की बोलणं सुरू करता येतं.