नालाचा मान

घोड्याच्या खुराखालचा नाल ही वस्तु तशी अगदीं सामान्य. लोखंडाची एक वांकवलेली पट्टी, तिला सात-आठ भोकें आणि त्या भोकांतून ठोकलेले खिळे. परंतु घोडदळाच्या बळावर राज्यें उभीं राहात त्या काळीं या पट्टीवांचून पाऊल पुढें पडत नसे. मराठ्यांच्या लष्करांत शिलेदारांना मोहिमेपूर्वीं जी आगाऊ रक्कम मिळे, तिला ‘नालबंदी’ असेंच नांव होतें. त्या रकमेंत केवळ नालांचा खर्च नसे, स्वारीची सारी तयारी असे. नांव मात्र नालाचें राहिलें.

नाल फार दिवस टिकत नाहीं. खूर वाढत जातो, लोखंड झिजत जातें आणि साधारणतः सहा ते आठ आठवड्यांनीं जुना नाल काढावा लागतो. हा काढलेला नाल जाणता नालबंद लगेच फेंकून देत नाहीं. तो आधीं उलटसुलट करून पाहतो. पुढची कड अधिक झिजली असेल, तर घोडा पाय ओढून चालतो. एकच बाजू झिजली असेल, तर अंगाचा भार सरळ पडत नाहीं. घोड्यानें केलेल्या वाटचालीची सारी हकीकत त्या लोखंडावर उमटलेली असते. टाकाऊ मालालाही मोल होतें. इंग्लंडांत एके काळीं नालांचे जुने खिळे गोळा करून, ते तापवून व एकत्र ठोकून त्यांच्या बंदुकीच्या नळ्या घडवीत, आणि असें लोखंड अतिशय चिवट म्हणून वाखाणलें जाई.

नालाला मानाचें स्थान मिळाल्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण त्याच देशांत आहे. रटलंड परगण्यांत ओकम नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथील किल्ल्याचा प्रशस्त दिवाणखाना वॉकलिन द फेरर्स या सरदारानें सुमारें ११८० ते ११९० च्या दरम्यान बांधला. फेरर्स या नांवाचा संबंध लोहाराच्या व नालबंदाच्या धंद्याशीं जोडला जातो. कोणीही उमराव प्रथमच या गांवीं आला, कीं त्यानें तेथील जहागिरीच्या धन्यास एक नाल द्यावा, अशी तेथें शतकानुशतकें वहिवाट आहे. दिवाणखान्याच्या भिंतींवर असे दोनशेंहून अधिक नाल टांगलेले आहेत. त्यांतील सर्वांत जुना नाल राजा चौथा एडवर्ड यानें सुमारें १४७० मध्यें दिलेला समजतात. राणी दुसरी एलिझाबेथ हिनेंही १९६७ मध्यें ही प्रथा पाळली.

त्या भिंतींकडे बारकाईनें पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. देणाराचा दर्जा दाखवावा म्हणून नाल मोठे होत गेले, त्यांवर मुकुट आले, सोनेरी मुलामा चढला. अखेर नालाचा आकार असा झाला कीं तो कोणत्याही घोड्याच्या पायीं बसूं नये. हे नाल कधीं रस्त्यावर चाललेच नाहींत. मान श्रमापासून सुटला, कीं तो आकारानें वाढतो आणि अर्थानें घटतो.

शाळेंतील बक्षिसांच्या इतिहासांतही हेंच घडलेलें दिसतें. जोसेफ लँकेस्टर यानें १७९८ मध्यें लंडनच्या सदर्क भागांत गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढली. शेंकडों मुलें आणि शिक्षक एकटा; म्हणून मोठीं मुलें लहानांस शिकवीत. छडी त्यास आवडत नसे. तिच्या जागीं त्यानें बक्षिसें आणलीं : गुणवत्तेचीं तिकिटें, चेंडू, पतंग, चित्रें आणि श्रेष्ठ विद्यार्थ्यांसाठीं सांखळींत ओंवलेलें रुप्याचें पदक. परंतु त्याच वर्गांत अपराधी मुलाच्या मानेवर चार ते सहा पौंडांचा लांकडी ओंडका ठेवीत, तर कोणास टोपलींत बसवून छतास टांगीत. एकाच्या छातीवर पदक आणि दुसऱ्याच्या मानेवर ओंडका, हीं एकाच विचाराचीं दोन टोकें होत. पदक मुलाचा क्रम सांगत होतें. त्यानें काय केलें, हें सांगत नव्हतें.

यावर दुसरी वाट हस्तव्यवसायानें दाखविली. फिनलंडांत ऊनो सिग्नेउस याच्या प्रेरणेनें १८६६ मध्यें लोकशाळांत हातकामास स्थान मिळालें. आपल्याकडे १९३७ मध्यें वर्धा येथें भरलेल्या शिक्षण परिषदेंत महात्मा गांधींनीं उत्पादक हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यभागीं ठेवावा असा विचार मांडला. या विचारांत बक्षीसही विकत आणण्याची वस्तु राहात नाहीं. तें घडविण्याची वस्तु होतें.

अशा बक्षिसास जुन्या नालासारखें साहित्य क्वचितच सांपडेल. त्याची कृति फार अवघड नाहीं. उरलेले खिळे पकडीनें काढावे, तारेच्या ब्रशानें गंज व माती घासून टाकावी, धारदार कडा कानशीनें मोडाव्या. लोहार जवळ असेल, तर त्यानें नाल भट्टींत लाल करून ऐरणीवर सपाट करून द्यावा व तापल्या लोखंडावर पोलादी ठशांनीं अक्षरें उठवावीं. आंच थोडी उतरल्यावर मेण किंवा जवसाचें तेल चोळलें म्हणजे काळसर चकाकी येते आणि गंज दूर राहतो. मग लांकडी फळीवर तो बसवावा. भट्टीचें काम अर्थात् जाणत्या हातांचें. घासणें, कानस चालविणें, फळी तासणें हें मुलांचें.

एकच पथ्य पाळावयाचें : झिजलेली कड घासून सारखी करूं नये. तिच्यांतच नालाची सारी कमाई आहे. आणि ठसा उठवावयाचा तो ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ असा नसावा. वर्षभर बाग राखली, मागें पडलेल्या सोबत्यास वाचावयास शिकविलें, असें झालेलें काम त्यावर लिहावें. मग वर्गांत शेवटच्या बांकावर बसणाऱ्या मुलासही त्या लोखंडावर आपलें नांव उमटण्याची आशा राहील, आणि ओकमच्या सोनेरी नालांस जें साधलें नाहीं, तें या झिजलेल्या नालास साधेल.