शास्त्रीय संगीत : सुरुवात तीन मिनिटांपासून



"शास्त्रीय संगीत ऐकावंसं वाटतं हो, पण आपल्याला त्यातलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करायची?" टोरांटोत चार मराठी माणसं जमली की जेवणानंतर हा प्रश्न हमखास निघतो. मग एखादा जाणकार दहा थाट मोजून दाखवतो, दुसरा तासाभराचा दरबारी ऐकायला सांगतो, आणि विचारणारा बिचारा गुपचूप जुन्या हिंदी गाण्यांकडे परततो. माझं म्हणणं असं, की सुरुवात ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांपासून करावी. याला इतिहासाचा आधार आहे, आणि त्यातला थोडा कॅनडातलाच आहे.

चपटी तबकडी आणि ग्रामोफोन ही एमिल बर्लिनरची कामगिरी. पेटंट १८८७ चं. अमेरिकेतल्या कोर्टकज्ज्यांमुळे १९०० साली तिथला धंदा बंद पडला, तेव्हा त्याने बस्तान मॉन्ट्रियलला हलवलं. भोंग्यात कान घालून बसलेल्या कुत्र्याचं चित्र त्याच वर्षी कॅनडात ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं. आपल्या आजोबांच्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर दिसायचा तोच हा कुत्रा! बर्लिनरच्या हाताखाली तयार झालेला फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला पोचला आणि त्याने गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं.

त्याआधी खानदानी गाणं ऐकायचं तर दरबार, देऊळ नाहीतर एखाद्या धनिकाची बैठक. सामान्य माणसाला तिथे शिरकाव कठीण. तबकडीने ते गाणं दुकानात आणि हॉटेलात आणलं. अट एकच : दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना आलाप आवरून बंदिश आणि ताना तेवढ्यात बसवाव्या लागल्या. तक्रारी झाल्या, पण नवख्या कानाला रागाचा चेहरा चटकन दिसू लागला.

आणि हे नवखे कान कुणाकुणाचे होते बघा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा अकरा वर्षांचा एक मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घरातून पळाला. ते भीमसेन जोशी. पुढे ते खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे शिकले. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी लहानपणी नामवंतांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचा. ते कुमार गंधर्व. म्हणजे "आमच्या घरी तसे संस्कार नव्हते" ही सबब फारशी टिकत नाही. भीमसेनांच्या कानावरचा एक मोठा संस्कार तीन मिनिटांच्या तबकडीचाच होता.

आता आणखी एक गंमत. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर एक सोनेरी तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर मराठीतला नमस्कार आहे, केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, आणि आपल्या टोरांटोच्या ग्लेन गूल्डने पियानोवर वाजवलेला बाखही आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई आणि हा गूल्ड, दोघे एकाच तबकडीवर! गूल्डने १९६४ नंतर जाहीर कार्यक्रम सोडले आणि स्टुडिओच जवळ केला. केसरबाईंची ओढ मात्र समोर बसलेल्या श्रोत्यांकडे. ध्वनिमुद्रणावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. त्यांचं म्हणणंही खरंच आहे. तबकडी हा दरवाजा आहे, घर नव्हे.

म्हणून दरवाज्यातून आत कसं जायचं, तेवढं सांगतो. केसरबाईंची ती भैरवी यूट्यूबवर सहज मिळते. स्कार्बरोहून मिसिसागाला जाताना ४०१ वर खोळंबलात की एकाच बैठकीत पाच-सहा वेळा ऐका. पहिल्या वेळी फक्त षड्ज पकडा. गाणं कुठेही भटकलं तरी घरी कुठे येतं ते कळेल. दुसऱ्या वेळी तबल्याची सम. तिसऱ्या वेळी तानेचा दम. रागाचं नाव पाठ नसलं तरी चालेल. आठवडाभराने दुसऱ्या कुणाची पंधरा-वीस मिनिटांची भैरवी लावा. "अरे, ही ओळखीची आहे" असं वाटलं की काम झालं. तासाभराचा ख्याल मग दूर नाही.

इथे वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. त्यांना आपण एकदम चार तासांच्या मैफलीला नेऊन बसवतो आणि ती कंटाळली की "यांना आवडच नाही" असा शिक्का मारतो. तीन मिनिटं ती नक्की ऐकतील. यानाची गोष्ट सांगून ऐकवलीत तर पुन्हा लावायलाही सांगतील.

असो. तुमच्या घरात पहिली तबकडी कुणाची वाजली, ते जरूर कळवा.